इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदी, लहान दवाखान्यातील

एकट्या डॉक्टरने किंवा दोन-चार डॉक्टरांनी मिळून चालविलेल्या दवाखान्यात रुग्णाचा पूर्ववृत्तांत, तपासणीतील निष्कर्ष, निदान, औषधयोजना आणि चाचण्यांचे निकाल कागदी केसपेपरऐवजी संगणकात ठेवण्याची पद्धत. नुसत्या पावत्या आणि भेटीच्या वेळा संगणकावर गेल्या म्हणून नोंदी इलेक्ट्रॉनिक झाल्या असे म्हणत नाहीत. रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टर जे टिपतो, ते संगणकात जावे लागते. एका दवाखान्यापुरत्या नोंदीला ईएमआर (इलेक्ट्रॉनिक मेडिकल रेकॉर्ड) आणि अनेक संस्थांत रुग्णाच्या मागोमाग जाऊ शकणाऱ्या नोंदीला ईएचआर (इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड) म्हणावे, असा भेद प्रमाणीकरणाच्या लेखनात आढळतो. व्यवहारात तो फारसा पाळला जात नाही.

मोठ्या रुग्णालयाच्या संगणकीकरणापासून हा विषय वेगळा काढावा लागतो. रुग्णालयात प्रणाली निवडणारे, तिचे पैसे देणारे, ती वापरणारे आणि बिघडल्यावर दुरुस्त करणारे लोक निरनिराळे असतात. लहान दवाखान्यात हा सगळा भार बहुधा एकाच माणसावर असतो, आणि बिघाड होतो त्या वेळी तो रुग्ण तपासत असतो.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. एका पक्षाच्या मते तिचे श्रेय अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांचे. वीड यांनी १९६८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये समस्याकेंद्री नोंदीची मांडणी केली : रुग्णाच्या प्रत्येक समस्येला क्रमांक द्यावा आणि तिच्याखाली रुग्णाने सांगितलेले, डॉक्टरला आढळलेले, त्यावरचे मत आणि पुढची योजना हे चार भाग क्रमाने लिहावेत. याच तत्त्वावर व्हरमाँट विद्यापीठात ‘प्रॉमिस’ ही प्रणाली उभी राहिली आणि तिच्यात स्पर्शाने चालणारे पडदे वापरले गेले. दुसरा पक्ष १९६०च्या दशकातील रुग्णालयीन प्रणालींकडे बोट दाखवतो. सॉल्ट लेक सिटी येथील एलडीएस रुग्णालयात होमर वॉर्नर यांनी विकसित केलेली ‘हेल्प’ (सामान्यतः १९६७ पासून) आणि कॅलिफोर्नियातील एल कॅमिनो रुग्णालयातील प्रणाली (सु. १९७१) ही त्यांची उदाहरणे होत.

दोन्ही मते रुग्णालयाच्या इतिहासाला लागू पडतात; लहान दवाखान्याच्या बाबतीत ती अपुरी वाटतात. वीड यांची मांडणी कागदावरही करता येत होती आणि बहुतेकांनी ती कागदावरच केली. रुग्णालयीन प्रणालींचा मुख्य हेतू आदेश वहनाचा : परिचारिकेने कोणते औषध द्यावे, प्रयोगशाळेने कोणती चाचणी करावी, बिलात काय धरावे. दवाखान्याची गरज वेगळी आहे. तेथे भेट दहा मिनिटांची असते, पण नोंद वीस-तीस वर्षांची. म्हणून तिचा वंश रुग्णालयाच्या यंत्रापेक्षा रुग्णाच्या कागदी कार्डात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर हेन्री प्लमर यांनी १९०७ च्या सुमारास ‘एक रुग्ण, एक फाइल’ ही पद्धत रुजविली. त्यापूर्वी डॉक्टरांच्या वह्यांत तारखेनुसार नोंदी असत आणि एकाच रुग्णाचा इतिहास अनेक वह्यांत विखुरलेला राही. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर कुटुंबवैद्याकडे प्रत्येक विमाधारकाच्या नावे नोंदपत्र ठेवण्याची रीत सुरू झाली. हा कायदा आणणारे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखले जाणारे नोंदींचे लिफाफे त्याच परंपरेतले. शतक संपेपर्यंत ते वापरात होते.

या कार्डाला संगणकात नेण्याचे पहिले ठोस प्रयत्न तीन ठिकाणी, साधारणपणे एकाच काळात झालेले दिसतात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत बाह्यरुग्णांसाठी ‘कोस्टार’ ही प्रणाली १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून घडत गेली. ती ज्या ‘मम्प्स’ या संगणकभाषेत लिहिली गेली, ती त्याच प्रयोगशाळेत जन्मली होती. कोस्टारमध्ये डॉक्टर कळफलकाला हात लावत नसे. तो छापील फॉर्मवर खुणा करी आणि लिपिक ती माहिती यंत्रात भरी. इंडियानापोलिस येथे क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी १९७२ मध्ये मधुमेहाच्या दवाखान्यापासून रेगेनस्ट्रीफ प्रणालीला आरंभ केला. १९७६ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की संगणकाने आठवण करून दिली तर डॉक्टर करायच्या गोष्टी अधिक वेळा करतात आणि आठवण थांबवली की पुन्हा विसरतात. ही विस्मृती अज्ञानामुळे नव्हे, तर माहितीच्या ओझ्यामुळे येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तिसरे ठिकाण इंग्लंडमधील एक्झेटर. तेथील कुटुंबवैद्य जॉन प्रीस यांनी १९७०च्या सुमारास तपासणीच्या खोलीतच संगणक वापरला असे सामान्यतः मानतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा, कारण डॉक्टर, रुग्ण आणि यंत्र एका खोलीत आले ते तेथे.

लहान दवाखान्यांत प्रत्यक्ष प्रसार झाला तो सूक्ष्मसंगणक स्वस्त झाल्यावर. ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये शासनाने ‘मायक्रोज फॉर जीपीज’ या योजनेखाली निवडक दवाखान्यांना अर्थसाहाय्य दिले. १९८७ मध्ये एक वेगळाच सौदा पुढे आला : दोन कंपन्यांनी डॉक्टरांना यंत्रे जवळजवळ फुकट देऊ केली आणि बदल्यात रुग्णांची नावे वगळलेली माहिती मागितली. व्यापार म्हणून तो फार काळ टिकला नाही, पण त्यातून जमलेला एक माहितीसंग्रह पुढे औषधसुरक्षेच्या संशोधनाचे मोठे साधन बनला. २००० साली ब्रिटिश कुटुंबवैद्यांना कागद न ठेवता केवळ संगणकीय नोंद ठेवण्याची मुभा मिळाली. तोवर बहुतेक दवाखान्यांत संगणक आणि लिफाफा दोन्ही सुखाने नांदत होते.

अमेरिकेत गती मंद होती. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९१ मध्ये संगणकीय नोंद अत्यावश्यक ठरविली, तरी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पूर्ण क्षमतेची प्रणाली ४ टक्के आणि मूलभूत प्रणाली १३ टक्के डॉक्टरांकडेच आढळली. लहान दवाखाने सर्वांत मागे होते. २००९ च्या हायटेक कायद्याने चित्र बदलले. प्रणाली ‘अर्थपूर्ण’ रीतीने वापरणाऱ्या डॉक्टरला मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या शासकीय विम्यातून जास्तीत जास्त ४४,००० डॉलर किंवा मेडिकेड या अल्प उत्पन्न गटासाठीच्या योजनेतून ६३,७५० डॉलर टप्प्याटप्प्याने मिळत, आणि पुढे न वापरणाऱ्याच्या देयकात कपात होई. २०२१ मध्ये बाह्यरुग्ण सेवा देणाऱ्या ८८ टक्के डॉक्टरांकडे कोणती ना कोणती प्रणाली होती. अनुदानाने खरेदी वाढली हे निर्विवाद. नोंदीची गुणवत्ता किती वाढली यावर मतभेद आहेत.

नोंदीची रचना आणि संकेतन : संगणकीय नोंदीत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक मोकळा, म्हणजे डॉक्टर वाक्यांत लिहितो तो. दुसरा रचित, म्हणजे ठरावीक रकान्यात, ठरावीक संकेतांकाने भरलेला. माणसाला पहिला वाचायला सोपा, यंत्राला दुसरा. रुग्णाला पेनिसिलीनची ॲलर्जी असल्याचे डॉक्टरने त्या दिवसाच्या टिपणात लिहिले, पण ॲलर्जीच्या रकान्यात भरले नाही, तर तीन वर्षांनी अमॉक्सिसिलीन हे त्याच गटातले औषध निवडताना प्रणाली गप्प राहते. नोंद आहे, वाचता येते, शोधल्यास सापडतेही. फक्त इशारा देणाऱ्या भागाला ती दिसत नाही. कागदी केसपेपरवर लाल शाईने पहिल्याच पानावर लिहिलेला इशारा या बाबतीत अधिक सुरक्षित होता, असे म्हणावे लागते. रक्तदाब ‘१४०/९०’ असा टिपणात लिहिला तर त्याचा आलेख निघत नाही. त्यासाठी वरचा आणि खालचा आकडा दोन स्वतंत्र रकान्यांत जावा लागतो.

निदानासाठी कोणते संकेतांक वापरावेत हा जुना वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरण (आयसीडी) मृत्यू आणि आजारांच्या सांख्यिकीतून वाढले. त्याची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. लहान दवाखान्यात येणाऱ्या कित्येक रुग्णांचे निदान त्या भेटीत होतच नाही. खोकला घेऊन येतात आणि बरे होऊन निघून जातात. हे लक्षात घेऊन कुटुंबवैद्यांच्या ‘वोंका’ या जागतिक संघटनेने १९८७ मध्ये प्राथमिक उपचारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण (आयसीपीसी) प्रसिद्ध केले. त्यात रुग्ण कशासाठी आला, डॉक्टरने काय ठरविले आणि काय केले या तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत नोंदविता येतात. ब्रिटनमध्ये लफबरो येथील कुटुंबवैद्य जेम्स रीड यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात स्वतःच्या कामासाठी जे संकेतांक बनविले, ते १९९० मध्ये शासनाने विकत घेतले. त्यांची तिसरी आवृत्ती आणि अमेरिकेतील स्नोमेड आरटी हा वैद्यकीय संज्ञांचा संच यांच्या मीलनातून २००२ मध्ये स्नोमेड सीटी निघाली; तिच्यात सुमारे साडेतीन लाख संकल्पना आहेत. दमा हा एकच आजार आयसीडी-१० मध्ये जे४५, आयसीपीसीमध्ये आर९६, रीडच्या पाच-अक्षरी संचात एच३३ आणि स्नोमेड सीटीत १९५९६७००१ आहे.

लहान दवाखान्यासाठी आयसीपीसी अधिक स्वाभाविक आहे, असे मानणारा पक्ष बलवान वाटतो. मात्र विमा आणि शासकीय अहवाल बहुतेक ठिकाणी आयसीडी मागतात, त्यामुळे व्यवहारात हा प्रश्न डॉक्टरच्या हाती राहत नाही. येथे एक तांत्रिक धोका नमूद करणे आवश्यक आहे. आर०५ हा संकेतांक आयसीपीसी आणि आयसीडी-१० या दोन्हींत योगायोगाने खोकल्यासाठीच आहे. पण पुढचाच आर०६ आयसीपीसीत नाकातून रक्त येणे, तर आयसीडी-१० मध्ये श्वसनातील बिघाड दर्शवितो. म्हणून संकेतांकासोबत तो कोणत्या संचातला हेही साठवावे लागते. दवाखाना एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जातो तेव्हा नेमका हाच तपशील गळालेला आढळतो. दोन प्रणालींतील माहितीची देवाणघेवाण कशी व्हावी हे ठरविणाऱ्या आधुनिक विनिमयमानकांत ही खूण स्वतंत्रपणे ठेवलेली असते. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या एचएल७ या संस्थेने २०१४ मध्ये मसुदारूपाने आणलेले ‘फायर’ हे त्यांतील आज सर्वाधिक चर्चिले जाणारे मानक होय. प्रयोगशाळेच्या चाचण्यांसाठी रेगेनस्ट्रीफ संस्थेत १९९४ मध्ये सुरू झालेले ‘लॉइंक’ संकेतांक वापरतात, उदा., मधुमेहात तपासल्या जाणाऱ्या रक्तातील एचबीए१सीच्या टक्केवारीसाठी ४५४८-४. भारत सरकारने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या मानकांतही स्नोमेड सीटी व लॉइंक यांचा समावेश आहे.

जुन्या कागदांचे स्थलांतर : प्रणाली सुरू करण्यातील सर्वांत किचकट काम हे होय. सगळे जुने केसपेपर स्कॅन करून टाकण्याचा मोह सार्वत्रिक आहे. स्कॅन केलेले पान हे चित्र असते. ते कपाटातली जागा वाचविते, पण त्यातील औषधे, ॲलर्जी किंवा साखरेचे आकडे यंत्राला कळत नाहीत. अनुभवी दवाखान्यांत उलट क्रम आढळतो. नेहमी येणाऱ्या रुग्णाची पुढची भेट ठरली, की त्याआधी त्याचे चालू आजार, चालू औषधे, ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया, लसी आणि अलीकडची मोजमापे एवढेच हाताने भरायचे. बाकीचा कागद स्कॅन करून मागे जोडायचा किंवा तसाच ठेवायचा. न येणाऱ्या रुग्णाचा कागद तो येईपर्यंत हलवायचा नाही. हे भरणे मदतनिसावर सोपविले तरी औषधांची यादी डॉक्टरने स्वतः तपासावी लागते. बंद केलेले औषध चालू म्हणून चढणे ही या टप्प्यावरची नित्याची चूक आहे, आणि एकदा चढलेले औषध प्रत्येक नव्या चिठ्ठीत आपोआप उतरते.

दुहेरी नोंदी हा दुसरा त्रास. एकाच रुग्णाचे नाव दोन प्रकारे लिहिले गेले, की त्याच्या दोन फाइली होतात आणि अर्धा इतिहास एकीत, अर्धा दुसरीत जातो. जन्मतारीख माहीत नसलेल्यांसाठी १ जानेवारी टाकण्याची सवय असेल तर नाव व जन्मतारखेवरून जुळणी करणे आणखी अवघड होते. फाइली एकत्र करण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. चुकून दोन वेगळ्या व्यक्ती एकत्र केल्यास त्या पुन्हा सोडविण्याची सोय मात्र सर्वांत नसते.

खर्च आणि वेळ : लहान दवाखान्यांतील खर्चाचा नेहमी उद्धृत केला जाणारा अभ्यास अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १४ दवाखान्यांत सुरुवातीचा खर्च प्रत्येक डॉक्टरमागे सरासरी सुमारे ४४,००० डॉलर आणि नंतरचा वार्षिक खर्च सुमारे ८,५०० डॉलर होता. तो सरासरी अडीच वर्षांत भरून निघाला. (पुढे मेडिकेअरने दिलेल्या कमाल रकमेशी हा आकडा जुळतो; त्यावरून संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.) भरपाईचा मोठा भाग भेटीचे देयक वरच्या श्रेणीत लावता आल्यामुळे होता. जेथे देयके श्रेणीवर अवलंबून नसतात, तेथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. शिवाय १४ हा नमुना लहान आहे. खुल्या परवान्याच्या प्रणालींत सॉफ्टवेअरचे मूल्य शून्य असते, पण बसवणे, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च उरतोच. ओपनईएमआर हे त्यांचे परिचित उदाहरण. २००४ मध्ये रेगेनस्ट्रीफ संस्था व केनियातील मोई विद्यापीठ यांच्या सहकार्यातून घडू लागलेली ओपनएमआरएस ही दुसरी, परंतु ती एकट्या डॉक्टरपेक्षा आरोग्यकार्यक्रमांना अधिक सोयीची आहे.

पहिल्या काही आठवड्यांत रुग्णसंख्या मुद्दाम कमी ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो योग्य आहे. त्यानंतर वेग किती परत येतो याबद्दल विक्रेते आणि डॉक्टर यांचे म्हणणे जुळत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७ अमेरिकन डॉक्टरांच्या निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासात दवाखान्यातील २७ टक्के वेळ रुग्णाशी प्रत्यक्ष संवादात, तर ४९ टक्के वेळ नोंदी व टेबलावरील कामात गेला. काहींचे उरलेले काम रात्री घरी चाले. यातील किती वेळ यंत्रामुळे आणि किती तेथील देयकपद्धतीच्या मागण्यांमुळे, हे त्या अभ्यासातून वेगळे होत नाही. देयकपद्धतीचा वाटा मात्र मोठा असावा असे मानण्यास जागा आहे. तपासणीच्या खोलीत पडदा डॉक्टर आणि रुग्ण या दोघांना दिसेल असा तिरका ठेवणे हा साधा उपाय उपयोगी पडतो. भिंतीकडे तोंड करून लिहिणारा डॉक्टर रुग्णांना आवडत नाही. बोलणे ऐकून टिपण तयार करणाऱ्या प्रणाली अलीकडे आल्या आहेत. त्यांचे टिपण सही करण्यापूर्वी डॉक्टरने वाचावे लागते.

चुका व इशारे : हस्ताक्षर न लागल्यामुळे होणाऱ्या चुका संपतात, त्यांच्या जागी यादीतून निवडण्याच्या चुका येतात. हव्या त्या औषधाऐवजी लगतच्या ओळीवर क्लिक होणे, मिलिग्रॅमच्या जागी मिलिलिटर राहणे, मागच्या भेटीचे टिपण जसेच्या तसे चिकटविल्यामुळे बरा झालेला खोकला वर्षभर चालू राहणे, ही नेहमीची उदाहरणे होत. औषधांच्या परस्परक्रियांचे इशारे ही प्रणालीची मोठी जमेची बाजू मानली जाते. तथापि २००६ च्या एका आढाव्यात इशारे दुर्लक्षिण्याचे प्रमाण ४९ ते ९६ टक्के आढळले. दर चिठ्ठीला इशारा येऊ लागला, की बोट सवयीने पुढे जाते. क्षुल्लक इशारे बंद ठेवण्याची मुभा असलेली प्रणाली म्हणून अधिक उपयुक्त. कोणते क्षुल्लक, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र मग दवाखान्यावर येते.

सुरक्षा : एकच पासवर्ड सर्वांनी वापरणे ही लहान दवाखान्याची सर्वपरिचित खोड. त्यामुळे कोणी काय बदलले याचा माग राहतो खरा, पण तो निरर्थक होतो, कारण सगळे बदल एकाच नावावर पडतात. माहिती दवाखान्यातील यंत्रावर ठेवावी की दूरस्थ सर्व्हरवर, यावर मते विभागलेली आहेत. स्वतःच्या यंत्रावरील माहितीला इंटरनेट लागत नाही, पण राखीव प्रत काढणारा माणूस लागतो. दूरस्थ सर्व्हरवर उलट. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या संगणकी हल्ल्याची झळ इंग्लंडमधील ५९५ कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यांना बसली. राखीव प्रत मुख्य यंत्राला कायमची जोडलेली असेल, तर अशा हल्ल्यात तीही कुलूपबंद होते. वीज किंवा जाळे गेल्यावर लागणारे कोरे कागदी फॉर्म आणि दिवसाच्या आरंभी छापलेली भेटींची यादी, एवढी तयारी बहुतेक मार्गदर्शिका सुचवितात.

दवाखाना बंद होताना : डॉक्टर निवृत्त झाला, वारला किंवा सॉफ्टवेअर पुरविणारी कंपनीच बंद पडली, तर नोंदींचे काय, याचा विचार करारात आधी करावा लागतो. नोंदी जपण्याची मुदत देशोदेशी वेगळी आहे. बालरुग्णांच्या बाबतीत ती अनेक ठिकाणी ते सज्ञान होण्याशी जोडलेली असते. कागद कपाटात पडून राहिला तरी वाचता येतो. परवाना संपलेल्या सॉफ्टवेअरमधील नोंद तशी वाचता येत नाही. निर्यातीची सोय असल्याचे विक्रेता सांगतो तेव्हा काही रुग्णांची माहिती प्रत्यक्ष बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. अशा निर्यातीत बहुधा शेवटची स्थिती येते : चालू औषधे येतात, पण मात्रा केव्हा, कोणी आणि किती बदलली, हा इतिहास मागे राहतो. वैद्यकीय-कायदेशीर वादात विचारला जातो तो नेमका हाच भाग.